शरीरातील दोन रोपणे आणि जंतुसंसर्गाचा प्रवास

छत्तीसगडमधील भिलाई हे नाव स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासकास प्रामुख्याने पोलादामुळे परिचित असते. १९५५ मध्ये भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, एवढी माहिती बहुतेकांना असते. प्रकल्पाच्या उभारणीसाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या मजुरांच्या वसाहतींना 'कॅम्प' असे नाव पडले व ते पुढे कायम झाले. कॅम्प-१ ही त्यांपैकीच एक वस्ती. तात्पुरत्या निवाऱ्याचे नाव धारण करणारी ही वस्ती आज दाट लोकसंख्येचा शहरी भाग झाली आहे.

अशा वस्तीत पोलाद आणखी एका रूपाने वावरत असते. अपघातात मोडलेल्या पायातील पट्टी, मांडीच्या हाडातील सळई, झिजलेल्या गुडघ्याच्या जागी बसविलेला सांधा ही ती रूपे होत. भिलाईच्या भट्टीतून रुळांचे व जाड पत्र्यांचे पोलाद निघते. शरीरात बसविण्याचे पोलाद निराळे. त्यास '३१६ एल' म्हणतात व त्यात क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम मिसळलेले असते. कृत्रिम सांध्यांसाठी कोबाल्ट-क्रोमियम, टायटॅनियम आणि एक विशिष्ट प्रकारचे पॉलिइथिलीनही वापरतात. या सर्व वस्तूंना रुग्णालयात 'इम्प्लांट' म्हटले जाते. येथे त्यांना रोपण म्हणू.

एका शरीरात एकच रोपण असण्याचे दिवस मागे पडत आहेत. दोन्ही गुडघे बदललेला रुग्ण, एका खुब्यात सांधा व दुसऱ्या पायात सळई असलेला रुग्ण, हृदयात पेसमेकर आणि पायात कृत्रिम गुडघा असलेला रुग्ण आता सर्वत्र आढळतात. म्हणूनच एका रोपणाला जंतुसंसर्ग झाला तर दुसऱ्याचे काय, हा प्रश्न शल्यचिकित्सकांपुरता न राहता सार्वजनिक आरोग्याचाही झाला आहे.

त्याचे उत्तर समजण्यासाठी परकी वस्तू शरीरात आल्याने नेमके काय बदलते ते पाहिले पाहिजे. १९५७ मध्ये एलेक व कोनेन या ब्रिटिश संशोधकांनी स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. त्वचेत पू निर्माण होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू लाखांच्या घरात टोचावे लागत. परंतु त्याच ठिकाणी रेशमी टाक्याचा एक दोरा असेल, तर हे प्रमाण सुमारे दहा हजार पटींनी घटत असे व काही शेकडा जंतूही पुरेसे ठरत. दोरा स्वतः विषारी नव्हता. त्याच्या आश्रयाने जंतू रक्तातील पांढऱ्या पेशींच्या तावडीतून सुटत होते. एका दोऱ्याने एवढा फरक पडत असेल, तर तळहाताएवढ्या धातूच्या पृष्ठभागाने काय होईल याची कल्पना येते.

१९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी या घटनेचे वर्णन पृष्ठभागासाठीची शर्यत असे केले. रोपण शरीरात बसताक्षणी त्यावर प्रथिनांचा एक थर जमतो. त्यावर शरीराच्या पेशी आधी चिकटल्या तर जंतूंना जागा उरत नाही. जंतू आधी पोहोचले तर ते चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. या आवरणासह वाढलेल्या वसाहतीस जैवपटल म्हणतात. नदीतील दगडावरचा बुळबुळीत थर किंवा दातांवरचे कीट ही जैवपटलाचीच रोजच्या पाहण्यातील उदाहरणे होत. जैवपटलाच्या आत जंतूंचे चयापचय मंद असते. प्रतिजैविके बहुधा वेगाने वाढणाऱ्या जंतूंवर काम करतात. त्यामुळे मोकळ्या जंतूस मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्राही येथे अपुरी पडते. एरवी नऊ-दहा दिवसांच्या औषधाने बरा होणारा संसर्ग रोपणावर महिनोन्‌महिने का रेंगाळतो, याचे कारण हे आहे.

शस्त्रक्रियागृहातील हवेचे महत्त्वही याच संदर्भात लक्षात घ्यावे. १९६२ मध्ये इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे जॉन चार्नली यांनी आजच्या कृत्रिम खुब्याचा पाया घातला, तेव्हा संसर्गाचे प्रमाण त्यांना अस्वस्थ करणारे होते. त्यांनी शस्त्रक्रियेच्या जागेभोवती शुद्ध हवेचा कक्ष उभारला व हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणले. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या अभ्यासाने अतिशुद्ध हवेमुळे खोल संसर्ग निम्म्याहूनही कमी होतो असे दाखविले. आज चांगल्या केंद्रांत खुबा वा गुडघा प्रथमच बदलताना संसर्गाचे प्रमाण साधारणपणे एक ते दोन टक्के मानले जाते. ही संख्या लहान वाटते खरी. मात्र ज्याच्या वाट्याला ती येते त्याच्यासाठी ती शंभर टक्के असते, आणि रोपणांची एकूण संख्या वाढत जाते तशी या टक्केवारीमागची माणसेही वाढतात.

आता दुसऱ्या रोपणाकडे वळू. एका सांध्यातील जंतू दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याचा प्रमुख मार्ग रक्ताचा. पहिल्या सांध्यातील जैवपटलापासून जंतूंचे पुंजके अधूनमधून सुटतात, रक्तात उतरतात आणि शरीरातील दुसऱ्या परक्या पृष्ठभागावर त्यांना पुन्हा तीच सोय मिळते. रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस आढळलेल्या व कृत्रिम सांधा असलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचा सांधा संसर्गग्रस्त झाल्याचे दिसले. या एका जंतूबाबत वैद्यकशास्त्र एवढे सावध असण्याचे कारण हेच. दुसरा मार्ग जवळचा आहे. एकाच मांडीच्या हाडात वर खुब्याचा व खाली गुडघ्याचा सांधा असेल, तर हाडाच्या पोकळीतून संसर्ग एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकू शकतो. तिसरा मार्ग हातांचा व साधनांचा. एकाच बैठकीत दोन्ही गुडघे बदलताना एका बाजूची हत्यारे दुसऱ्या बाजूस तशीच वापरली गेली, तर त्या दोन शस्त्रक्रिया जंतूंच्या दृष्टीने एकच होतात. नेत्रतज्ज्ञांनी हा धोका फार पूर्वी ओळखला. एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचेच असतील, तर हातमोजे, हत्यारे व द्रव यांच्या दृष्टीने दुसरा डोळा म्हणजे जणू दुसरा रुग्ण, असा त्यांचा दंडक आहे.

हा धोका किती? अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका सांध्याला संसर्ग झालेले आणि शरीरात दुसरा कृत्रिम सांधाही असलेले ५५ रुग्ण होते. त्यांपैकी ११ जणांच्या, म्हणजे २० टक्क्यांच्या, दुसऱ्या सांध्यासही संसर्ग झाला. इतर काही अभ्यासांत हे प्रमाण याहून कमी आढळले आहे. तरीही एरवीच्या एक-दोन टक्क्यांच्या तुलनेत ते कितीतरी अधिक आहे.

येथे परीक्षार्थींनी थोडे थांबावे, कारण आकडेवारी वाचण्याची खरी कसोटी पुढे आहे. त्या ११ रुग्णांपैकी दोन्ही सांध्यांत एकाच जातीचा जंतू केवळ चौघांत आढळला. उरलेल्या सात जणांत पहिल्या सांध्यातील जंतू दुसऱ्यात गेले, असे म्हणण्यास आधार मिळत नाही. मग दुसरा सांधा का बिघडला? मधुमेह, संधिवातासाठीची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, कुपोषण, मूत्रपिंडाचा विकार, पायावरची न भरणारी जखम यांपैकी जे कारण पहिल्या सांध्याला भोवले, तेच दुसऱ्यालाही भोवले असण्याची शक्यता मोठी आहे. अर्थात, येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात. काही रुग्णांत संसर्ग खरोखर एका रोपणावरून दुसऱ्यावर जातो. इतरांत दोन्ही रोपणे एकाच दुर्बल शरीरात असल्यामुळे स्वतंत्रपणे बळी पडतात. चौघांतही जंतूची जात एक असणे म्हणजे वंश एक असणे नव्हे. स्टॅफिलोकॉकस ही जात तर बहुतेकांच्या त्वचेवर असतेच. वंश निश्चित करण्यासाठी जनुकीय तपासणी लागते व ती सर्वसामान्य रुग्णालयात होत नाही. सहसंबंध व कार्यकारणभाव यांतील फरक सांख्यिकीच्या पुस्तकात एका ओळीत असतो. येथे मात्र त्यावर उपचार अवलंबून असतात. पहिल्या गटात लवकर शस्त्रक्रिया करून जंतूंचे मूळ काढणे महत्त्वाचे, तर दुसऱ्या गटात साखर आटोक्यात आणणे आणि जखम भरून काढणे.

छत्तीसगडच्या संदर्भात या विषयाला आणखी एक गंभीर बाजू आहे व ती सिकलसेल आजाराची. छत्तीसगडमध्ये सुमारे दहा टक्के लोकांत सिकलसेलचे जनुक असल्याचे मानले जाते. शेजारच्या विदर्भातही हा आजार जुना आहे. नागपूर परिसरातील त्याच्या आढळाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा अहवाल १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गडचिरोली, नंदुरबार आदी जिल्ह्यांतील आदिवासी समाजांतही तो आढळतो. या आजारात लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असल्याने ते डोके मृत होऊन खचते. इतरांना साठी-सत्तरीत लागणारा कृत्रिम खुबा या रुग्णांना पंचविशी-तिशीत लागतो, आणि पुष्कळांच्या दोन्ही बाजू बिघडतात. म्हणजे तरुण वयात दोन रोपणे. त्यातच प्लीहा निकामी झाल्यामुळे रक्तातील जंतू गाळून काढण्याची शरीराची क्षमता घटलेली असते. हाडांना साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होण्याची प्रवृत्ती या आजारात प्रसिद्धच आहे. वेदनेचे झटके येतात तेव्हा वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागते, शिरेत सुई लावावी लागते, रक्त चढवावे लागते. यांपैकी प्रत्येक प्रसंगी रक्तात जंतू शिरण्यास वाट मिळू शकते.

अशा तरुणाचा एक खुबा संसर्गाने गेला, तर दुसरा वाचविणे म्हणजे त्याचे चालणे वाचविणे होय. पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्याला त्या सांध्यावर काढावयाची असतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आणणे हे त्याचे उद्दिष्ट असून सात कोटी व्यक्तींची तपासणी त्यात योजिली आहे. तपासणी, समुपदेशन व हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा पुरवठा यांवर अभियानाचा भर असणे योग्यच आहे. तथापि ज्यांचे सांधे आधीच बदलले गेले आहेत त्यांच्या दीर्घकालीन देखरेखीचा प्रश्न तपासणीच्या आकड्यांत झाकला जाऊ नये.

संसर्ग झालेल्या सांध्यावरील उपचार खर्चिक आणि दीर्घ असतात. संसर्ग नवा असेल तर सांधा उघडून धुतात, बदलता येणारा प्लास्टिकचा भाग बदलतात व रोपण तसेच ठेवून औषधे देतात. जैवपटल पक्के झाले असेल तर रोपण काढून टाकावे लागते. त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या हाडांच्या सिमेंटचा ठोकळा काही आठवडे ठेवतात आणि संसर्ग गेल्याची खात्री पटल्यावर नवा सांधा बसवितात. सिमेंटमध्ये प्रतिजैविक मिसळण्याची ही कल्पना १९७० च्या सुमारास जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे बुखहोल्त्स यांनी रूढ केली. दोन मोठ्या शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात रुग्ण जवळजवळ अपंग असतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला रुग्णालयाच्या बिलाइतकाच या बुडालेल्या मजुरीचा भार सोसावा लागतो, आणि तो कोणत्याही विमा योजनेच्या दरपत्रकात दिसत नाही.

औषधांत रिफाम्पिसिनचे स्थान विशेष आहे. जैवपटलातील स्टॅफिलोकॉकसवर परिणाम करू शकणाऱ्या मोजक्या औषधांपैकी ते एक. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस चाचणीत सिप्रोफ्लॉक्सासिनसह रिफाम्पिसिन घेऊन उपचार पूर्ण केलेले बाराही रुग्ण बरे झाले. रिफाम्पिसिनविना हे प्रमाण बारापैकी सात होते. परंतु भारतात रिफाम्पिसिन हा क्षयरोगाच्या उपचाराचा कणा आहे. एकट्याने किंवा अपुऱ्या काळासाठी दिल्यास त्यास दाद न देणारे जंतू झपाट्याने तयार होतात. शिवाय, रुग्णाला निदान न झालेला क्षय असेल, आणि सांध्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही, तर सांध्यासाठी दिलेले औषध क्षयरोगाला प्रतिरोध शिकवून जाईल. म्हणून सांध्यातील द्रवाची जंतुपरीक्षा होण्यापूर्वी गोळ्या सुरू करण्याची घाई दुहेरी नुकसानीची ठरते : निदानही हुकते आणि औषधही बोथट होते. गावातील दुकानातून घेतलेल्या प्रतिजैविकांवर सुजलेला कृत्रिम गुडघा आठवडेच्या आठवडे 'सांभाळणे' ही या विषयातील सर्वांत महागडी काटकसर होय.

एका गैरसमजाचाही उल्लेख करावयास हवा. कृत्रिम सांधा असलेल्याने दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक घेतलेच पाहिजे, असे अनेक वर्षे सांगितले जाई. २०१५ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने सर्वसाधारणपणे याची आवश्यकता नसल्याचे मार्गदर्शन केले. हृदयातील कृत्रिम झडपेबाबत मात्र दंतशस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविक देण्याचा सल्ला आजही कायम आहे. दोन रोपणांना एकच नियम लागू होत नाही, हे यावरून दिसते.

येथवर विचार एका शरीरापुरता झाला. एका माणसाच्या शरीरातील रोपण दुसऱ्याच्या शरीरात बसविले तर? हा प्रश्न काल्पनिक नाही, आणि त्याचे एक महत्त्वाचे उत्तर मुंबईतून आले आहे. अमेरिकेत मृत व्यक्तींच्या शरीरातून काढलेले, पुरेशी बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसविण्यात आले. त्याचा वृत्तान्त २०११ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात गंभीर गुंतागुंत आढळली नाही. त्यानंतर २०१२ मध्ये हृदयाचा जीवघेणा अनियमित ठोका विजेच्या धक्क्याने थांबविणाऱ्या उपकरणांच्या पुनर्वापराचा मुंबईतीलच अनुभव प्रसिद्ध झाला, त्यातही संसर्गाची नोंद नव्हती. अधिक मोठी तुलना २०२० मध्ये झाली. कॅनडातून मेक्सिको व अन्य काही देशांत पाठविलेल्या उपकरणांच्या १०५१ रुग्णांत दोन वर्षांत संसर्गाचे प्रमाण २.० टक्के होते, तर नवी उपकरणे बसविलेल्या तुलनागटात १.२ टक्के. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या निर्णायक नव्हता. तरी यावरून जुने उपकरण सर्रास वापरावे असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. पेसमेकरचे कवच गुळगुळीत व बंद असते, आणि या प्रयोगांत निर्जंतुकीकरणाची प्रत्येक पायरी काटेकोर होती. हाडाला घट्ट बसण्यासाठी मुद्दाम खडबडीत केलेला सांधा तसा स्वच्छ करता येत नाही.

पायरी चुकली तर काय होते, याची उदाहरणे डोळ्यांच्या शस्त्रक्रियांनी दिली आहेत. मोतीबिंदूनंतर बसविले जाणारे भिंग हेही रोपणच. २०११ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेव्हा दुर्ग जिल्ह्यात असलेल्या बालोद येथील शासकीय नेत्रशिबिरानंतर चाळीसहून अधिक रुग्णांची दृष्टी संसर्गामुळे गेली. बालोद भिलाईपासून दूर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दंतेवाडा येथेही शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांच्या डोळ्यांना संसर्ग झाला व त्यांना रायपूरला हलवावे लागले. एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच साठ्यातील साहित्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियांत एक दूषित बाटली अनेकांपर्यंत पोहोचू शकते. उद्दिष्टांची संख्या गाठण्याच्या घाईत दोन रुग्णांमधील काही मिनिटे कमी होतात, आणि निर्जंतुकीकरणाला नेमकी तीच मिनिटे हवी असतात.

नियमनाच्या बाजूने गेल्या दशकात बरेच घडले आहे. ६ जुलै २०१५ रोजी मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले व उपकरणांची अ, ब, क, ड अशी धोक्याच्या चढत्या क्रमाने विभागणी झाली. कृत्रिम सांधे क गटात तर पेसमेकर ड गटात येतात. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. त्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापराच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी ती ५४,७२० रुपये होती, तर दुसऱ्यांदा करावयाच्या शस्त्रक्रियेतील रोपणासाठी १,१३,९५० रुपये. संसर्गाची आर्थिक किंमत या दोन आकड्यांतील अंतरावरूनच लक्षात यावी, आणि ती केवळ धातूची किंमत आहे.

एक दुवा अद्याप कच्चा आहे. मटेरिओव्हिजिलन्सकडे रोपण तुटल्याची किंवा सैल झाल्याची तक्रार जाणे स्वाभाविक असते. संसर्ग झाला की तो उपकरणाचा दोष, शस्त्रक्रियागृहाचा, की रुग्णाच्या मधुमेहाचा, याविषयी संदिग्धता असते व नोंद मागे पडते. सांधेरोपणाची नोंदवही भारतीय शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २००६ पासून ठेवली असली, तरी तीत माहिती देणे ऐच्छिक राहिले. स्वीडनने गुडघ्याची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये व खुब्याची १९७९ मध्ये सुरू केली. म्हणून तेथे कोणते रोपण कोणत्या कारणाने काढावे लागले हे सांगता येते. कॅम्प-१ मधील एखादा रुग्ण एक गुडघा भिलाईच्या सेक्टर-९ मधील रुग्णालयात, दुसरा नागपुरात आणि मांडीतील सळई रायपुरात बसवून घेतो, तेव्हा त्याच्या शरीरात किती परक्या वस्तू आहेत, त्या कोणत्या धातूच्या आहेत व केव्हा बसविल्या, हे सांगणारा कागद बहुधा त्याच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत असतो. तापाने फणफणलेल्या अवस्थेत तो चौथ्याच डॉक्टरसमोर येतो तेव्हा रक्ताची जंतुपरीक्षा आधी करावयाची की प्रतिजैविकाची सुई आधी टोचावयाची, हा निर्णय त्या कागदाच्या असण्यानसण्यावर ठरतो.